जिफी म्हणजे नेमका किती वेळ?

“एक मिनिट हां, आलोच,” असं सांगून गेलेला माणूस साठ सेकंदांत परत येईल अशी कोणाचीच अपेक्षा नसते. न मोजलेल्या थोड्या वेळासाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे. क्षणभर, पळभर, घटकाभर, निमिषात, चुटकीसरशी, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. इंग्रजीतले ‘मोमेंट’, ‘जिफी’, ‘टिक’, ‘शेक’ हेही त्याच जातीचे. बोलताना या सगळ्यांचा अर्थ एकच: फार वेळ नाही.

पण यातल्या बऱ्याच शब्दांना कधी ना कधी कोणीतरी नेमका आकडा दिलेला आहे. सेकंदाचे दहा कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक शेक. मध्ययुगीन युरोपातला मोमेंट नव्वद सेकंदांचा. आपल्याकडचा क्षण एका ग्रंथात चार मिनिटांचा, तर दुसऱ्यात सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाएवढा. आणि जिफी म्हणजे किती हे सांगायच्या आधी विचारावं लागतं की विचारणारा रसायनशास्त्रातला, विजेच्या कामातला की संगणकातला.

हे आकडे गमतीखातर ठरलेले नाहीत. ज्यांना रोज एका ठराविक लांबीचा वेळ हाताळायचा होता आणि ज्यांच्या कामाला सेकंद हे माप अवाढव्य पडत होतं, त्यांनी तोंडातलाच एक शब्द उचलला आणि त्याला आकडा बांधला. सोनार ग्रॅममध्ये तोलतो आणि धान्याचा व्यापारी क्विंटलमध्ये, तसंच हे. ज्या मापाने काम चालतं ते ‘एक’ धरलं की तोंडी हिशेब सोपा होतो. मात्र शब्दाचं माप होताना काय कमावलं जातं आणि काय बिघडू शकतं, हे एकेक शब्द जवळून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

शेक

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात लॉस अलामोस इथे १९४३ साली अणुबॉम्बचं काम सुरू झालं. नव्याने येणाऱ्या शास्त्रज्ञांना काम समजावं म्हणून रॉबर्ट सर्बर यांनी त्या एप्रिलमध्ये काही व्याख्यानं दिली. त्यातला एक मूलभूत प्रश्न असा होता: युरेनियमचं एक केंद्रक फुटलं, त्यातून न्यूट्रॉन बाहेर पडला, तर तो दुसरं केंद्रक फोडेपर्यंत किती वेळ जातो?

उत्तर काढायला दोनच आकडे लागतात. असा न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे १४,००० किलोमीटर वेगाने धावतो आणि पुढचं केंद्रक फोडण्याआधी सरासरी १३ सेंटिमीटर अंतर कापतो. भागाकार केला की सेकंदाचा साधारण दहा कोटीवा भाग येतो. म्हणजे दहा नॅनोसेकंद. साखळीतली एक पिढी एवढ्या वेळात संपते आणि पुढची सुरू होते.

इंग्रजीत ‘कोकराने दोनदा शेपूट हलवण्याइतक्या वेळात’ असा वाक्प्रचार आहे. त्यातला ‘हलवणं’ म्हणजे शेक. या दहा नॅनोसेकंदांना लॉस अलामोसच्या मंडळींनी शेक म्हणायला सुरुवात केली. त्याच काळात, डिसेंबर १९४२ मध्ये, पर्ड्यू विद्यापीठात मार्शल हॉलोवे आणि चार्ल्स बेकर यांनी केंद्रकाच्या ‘आकारा’साठी, म्हणजे न्यूट्रॉन त्याला किती सहज गाठतो हे मोजण्यासाठी, ‘बार्न’ हे एकक सुचवलं होतं. बार्न म्हणजे शेतावरचं धान्याचं कोठार. एका चौरस सेंटिमीटरचे लाख कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा लाख कोटी भाग करा, की एक बार्न मिळतो. पण अणूच्या जगात तेवढं लक्ष्य कोठाराएवढंच मोठं. ही नावं गुप्ततेलाही सोयीची होती. कोठार आणि शेपटीचा झटका यांची चर्चा कोणाच्या कानावर पडली तरी त्यातून काहीच उमगलं नसतं.

शेक हे माप किती नेमकं बसलं हे पाहायला एक हिशेब करू. समजा प्रत्येक केंद्रक फुटल्यावर पुढची दोन फुटतात आणि प्रत्येक पिढीला एक शेक लागतो. दहा शेकनंतर फुटणारी केंद्रकं १,०२४. वीस शेकनंतर दहा लाखांच्या वर. तीस शेकनंतर शंभर कोटींच्या वर. एक किलो युरेनियम-२३५ मध्ये अणू किती? लाख कोटीला लाख कोटीने गुणून जो आकडा येईल त्याच्या साधारण अडीच पट. एवढा प्रचंड आकडाही दुप्पट-दुप्पट करत गाठायला फक्त ८१ पायऱ्या लागतात. म्हणजे ८१ शेक. एका मायक्रोसेकंदात शंभर शेक बसतात, तेव्हा ही अख्खी गोष्ट एका मायक्रोसेकंदाच्या आत आटोपते.

आता हाच हिशेब शेवटाकडून मागे वाचा. ८१व्या शेकला किलोभर युरेनियम संपतं, तर ७१व्या शेकला किती संपलेलं असतं? दहा पायऱ्या मागे म्हणजे १,०२४ ने भागायचं. फक्त एक ग्रॅमच्या आसपास. उरलेले ९९९ ग्रॅम शेवटच्या दहा शेकमध्ये फुटतात. पहिले सत्तर शेक जवळपास काहीच घडत नाही आणि शेवटच्या दहांत सगळंच घडतं. या दहा शेकमध्ये प्रकाशसुद्धा जेमतेम तीस मीटर जातो.

बॉम्ब बनवणाऱ्यांची खरी अडचण इथेच होती. ऊर्जा निघायला लागली की धातू तापून फुगतो, अणू एकमेकांपासून लांब जातात, न्यूट्रॉन बाहेर निसटतात आणि साखळी तुटते. म्हणून प्रश्न असा उरतो की फुटू पाहणारा धातू आणखी किती शेक एकत्र राहील. त्याच्याभोवती जड धातूचं आवरण घालतात ते याचसाठी. ते आवरण स्फोट कायमचा रोखू शकत नाही, पण स्वतःच्या जडपणामुळे जागचं हलायला थोडा वेळ घेतं. तेवढ्यात आणखी एखाद-दोन शेक मिळतात, आणि प्रत्येक जादा शेक म्हणजे ऊर्जा दुप्पट. नॅनोसेकंदात सांगितलं तर हे कागदावरचे आकडे वाटतात. शेकमध्ये सांगितलं की ‘आणखी किती पिढ्या’ हा मूळ प्रश्न समोर येतो. शेक हे वेळेचं माप आहे आणि त्याच वेळी पिढ्यांची मोजदादही. याच कारणाने मला ते अतिशय चपखल वाटतं.

चपखल वाटतं हे लिहितानाच पुढचंही लिहायला हवं. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं आणि त्यातलं एक किलोहूनही कमी प्रत्यक्षात फुटलं. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत शहरात अंदाजे १,४०,००० माणसं मेली. कोकराच्या शेपटीवरून नाव घेतलेलं माप या कामासाठी घडलं, हे विसरून त्या शब्दाकडे पाहता येत नाही.

अणुभट्टीत हाच न्यूट्रॉन वेगळ्या गतीने जगतो. आपल्याकडे १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्याच्या आहेत. त्यांत न्यूट्रॉन पाण्याच्या रेणूंवर आपटत आपटत मंद होतो, म्हणून एक पिढी पुरी व्हायला काही हजार शेक लागतात. तरीही हा वेळ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. माणूस किंवा यंत्र एवढ्यात काय आवरणार? भट्टी आवरता येते ती वेगळ्या कारणाने. युरेनियम-२३५ फुटल्यावर निघणाऱ्या न्यूट्रॉनांपैकी सुमारे ०.६५ टक्के लगेच निघत नाहीत. फुटलेल्या तुकड्यांमधून ते सेकंदाच्या अंशापासून ते मिनिटभरापर्यंत उशिराने बाहेर येतात. साखळी टिकायला या उशिरा येणाऱ्यांची गरज पडेल अशा बेताने भट्टी चालवतात, त्यामुळे तिचा वेग शेकवरून माणसाच्या सेकंदावर येतो आणि नियंत्रक कांड्या आतबाहेर करायला सवड मिळते. बॉम्ब आणि वीजघर यांच्यातला फरक वेळेच्या भाषेत सांगायचा तर तो एवढाच आहे, आणि हे ‘एवढंच’ फार मोलाचं आहे.

शेक अजून वापरात आहे. किरणोत्सर्गापासून संरक्षण, भट्ट्यांची रचना, वैद्यकीय किरणोपचार अशा कामांसाठी न्यूट्रॉनांचा प्रवास संगणकावर मांडणारी एमसीएनपी नावाची प्रणाली लॉस अलामोसमध्येच तयार झाली. तिच्यात लांबी सेंटिमीटरमध्ये, केंद्रकाचा ‘आकार’ बार्नमध्ये आणि वेळ शेकमध्येच द्यावी लागते. एक सेकंद लिहायचा तर दहा कोटी लिहायचं. ऊर्जेसाठी तिथे ‘जर्क’ म्हणजे हिसका हेही एकक भेटतं, शंभर कोटी ज्यूलचं. आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत शेकला जागा नाही, पण ऐंशी वर्षांत त्याचा अर्थ तसूभरही हललेला नाही. एकाच क्षेत्रातली माणसं एकाच कामासाठी तो वापरत राहिली, म्हणून तो शाबूत राहिला.

जिफी

जिफीचं नेमकं उलटं झालं.

गिल्बर्ट न्यूटन लुईस हे बर्कलीचे थोर रसायनशास्त्रज्ञ. दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेऊन बांधले जातात ही कल्पना त्यांची, आणि ‘फोटॉन’ हा शब्द १९२६ साली त्यांच्याच लेखनामुळे रूढ झाला. निर्वात जागेत प्रकाशाला एक सेंटिमीटर जायला लागणारा वेळ म्हणजे एक जिफी, असं त्यांनी सुचवलं. तो येतो ३३.३६ पिकोसेकंद, आणि पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. कल्पना देखणी होती. अंतर आणि वेळ यांना एका मापात आणायचा तो प्रयत्न होता. पुढे भौतिकशास्त्रात काहींनी सेंटिमीटर काढून तिथे अणुकेंद्रकाच्या मापाची लांबी घातली आणि जिफी आणखी कल्पनातीत छोटी झाली.

विजेच्या जगात जिफी म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाचं एक आवर्तन. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून भारतातली जिफी २० मिलिसेकंदांची. अमेरिकेत ६० आवर्तनं, म्हणून तिथली १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे देश बदलला की जिफी बदलली. आणि आपली विजेची जिफी लुईस यांच्या जिफीच्या ६० कोटी पट मोठी. एवढ्या वेळात प्रकाश ६,००० किलोमीटर जातो, भारताच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकाला जाऊन जवळपास परत येईल इतकं अंतर.

घरगुती संगणकांनी हा शब्द तिथूनच उचलला. १९८२ च्या कमोडोर ६४ वर वेळ सेकंदाच्या साठाव्या भागाच्या जिफीत मोजली जाई. आणि त्यानंतर लिनक्स ही संगणकाचं कामकाज सांभाळणारी प्रणाली आली, जिथे हा शब्द आज सगळ्यात जास्त राबतो. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा (कर्नल) असतो, त्यामुळे हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या खिशात या घडीला जिफी मोजल्या जात आहेत.

काम असं चालतं. संगणकातला एक टायमर ठराविक अंतराने ठोका देतो. प्रत्येक ठोक्याला गाभा हातातलं काम बाजूला ठेवून घड्याळ पुढे सरकवतो, कोणत्या प्रोग्रामची पाळी संपली ते पाहतो आणि ‘जिफीज’ नावाच्या मोजणीत एक मिळवतो. दोन ठोक्यांमधला वेळ म्हणजे एक जिफी. साध्या पीसीवर जुन्या आवृत्त्यांत सेकंदाला १०० ठोके पडत, म्हणजे जिफी १० मिलिसेकंदांची. २.६ या आवृत्तीत ते १,००० झाले. ठोके वाढले की वेळ बारकाईने कळते, पण प्रोसेसर ठोक्यांना उत्तर देण्यातच शक्ती घालवतो आणि बॅटरी झिजते. म्हणून पुढे मधला मार्ग निघाला: गाभा बांधताना आकडा आपणच निवडायचा, आणि सुचवलेला आकडा २५०. मग जिफी ४ मिलिसेकंदांची. पण बाहेरचे जुने प्रोग्राम शंभराच्या हिशेबाला सोकावलेले, म्हणून त्यांना दाखवायचा आकडा शंभराचाच ठेवला. एकाच यंत्रात आतली जिफी एक आणि बाहेर दाखवायची दुसरी, अशी ही व्यवस्था आहे.

या मोजणीची एक जागा मात्र नाजूक आहे. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ एवढा आकडा मावतो. त्यात एक मिळवला की मोजणी पुन्हा शून्यावर येते. सेकंदाला १,००० ठोके असतील तर हे ४९.७ दिवसांनी घडतं. समजा मोजणी ४,२९,४९,६७,२०० वर आहे आणि एखाद्या भागाने सांगितलं, “आणखी ५०० जिफी झाल्या की मला उठव.” बेरीज मर्यादेपलीकडे जाते, गुंडाळली जाते, आणि लक्ष्य ठरतं ४०४. आता कोणी सरळ विचारलं की चालू आकडा ४०४ पेक्षा मोठा आहे का, तर उत्तर येतं ‘हो, केव्हाच’. अर्ध्या सेकंदानंतर व्हायचं काम आत्ताच उरकलं जातं. उलट्या बाजूची चूक झाली तर ते काम पुढचे ४९ दिवस होतच नाही.

यावर लिनक्सवाल्यांनी दोन उपाय केले. एक म्हणजे दोन आकडे थेट ताडून पाहायचे नाहीत. वजाबाकी करून तिचं चिन्ह पाहायचं, कारण गुंडाळलेल्या आकड्यांतही फरक बरोबरच येतो. दुसरा उपाय मला फार आवडतो. यंत्र सुरू होताना जिफींची मोजणी शून्यापासून सुरू होतच नाही. ती शून्याच्या पाच मिनिटं अलीकडून सुरू होते. त्यामुळे ३२ बिटांची मोजणी यंत्र लावल्यावर पाचव्या मिनिटालाच गुंडाळली जाते, आणि कोणाच्या प्रोग्राममध्ये ही चूक असेल तर ती दीड महिन्याने ग्राहकाच्या दारात उघडी पडण्याऐवजी लिहिणाऱ्याच्या टेबलावरच पडते.

असं न केल्याचे दाखले आहेत. विंडोज ९५ मधली मिलिसेकंदांची मोजणी ४९.७ दिवसांनी भरून यायची आणि संगणक अडकायचा. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबद्दल आदेश काढला: विमान सलग २४८ दिवस विजेवर चालू राहिलं तर जनित्रांच्या नियंत्रकांमधली मोजणी भरून ते एकदम बंद पडू शकतात, म्हणून त्याआधी वीज बंद करून पुन्हा लावा. २४८ कुठून येतात ते करून पाहता येतं. चिन्हासह ३२ बिटांत २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचा आकडा मावतो. तो सेकंदाच्या शंभराव्या भागांचा धरला तर साधारण दोनशे साडेअठ्ठेचाळीस दिवस होतात.

मोमेंट, क्षण, निमेष

जिफीसारखी फाटाफूट जुन्या काळीही झालेली आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियातले मठवासी विद्वान बीड यांनी ७२५ साली कालगणनेवर ग्रंथ लिहिला. ईस्टरची तारीख कशी काढायची हा त्यामागचा मुख्य प्रश्न. त्यात एका तासाचे ४० मोमेंट सांगितले आहेत, म्हणजे एक मोमेंट दीड मिनिटाचा. पण त्या वेळचा तास सूर्यघटीचा. सूर्योदय ते सूर्यास्त याचे बारा भाग, मग दिवस मोठा असो की छोटा. इंग्लंडच्या उत्तरेला उन्हाळ्यात दिवस सतरा तासांवर जातो आणि थंडीत सातच्या आसपास येतो. त्यामुळे दिवसाच्या तासात मोजलेला मोमेंट जूनमध्ये दोन मिनिटांहून लांब आणि डिसेंबरमध्ये मिनिटभराहूनही आखूड व्हायचा. पुढे मध्ययुगीन लेखकांनी तासाचे २२,५६० ‘अणू’ही केले. असा एक अणू ०.१६ सेकंदाचा.

आपल्याकडे मनुस्मृतीत १८ निमेषांची काष्ठा, ३० काष्ठांची कला, ३० कलांचा मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचं अहोरात्र असं कोष्टक आहे. गुणाकार केला की दिवसाचे ४,८६,००० निमेष होतात आणि एक निमेष ०.१८ सेकंदाच्या जवळ येतो. निमेष म्हणजे डोळ्याची उघडझाप, आणि आज मोजली तर ती साधारण ०.१ ते ०.४ सेकंदांत होते. इथे शब्द आणि आकडा एकमेकांना धरून आहेत.

पण अमरकोशात मधे एक पायरी जास्त आहे: ३० कलांचा क्षण आणि १२ क्षणांचा मुहूर्त. मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणून क्षण चार मिनिटांचा झाला आणि निमेष सेकंदाच्या पावणेदोन शतांशाहूनही आखूड, ज्यात कोणताच डोळा मिटून उघडत नाही. बौद्ध पंडित वसुबंधूंच्या अभिधर्मकोश या ग्रंथात आणखी वेगळं: १२० क्षणांचा तत्क्षण, ६० तत्क्षणांचा लव, ३० लवांचा मुहूर्त. हा क्षण सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाएवढा. एकाच शब्दाच्या दोन अर्थांत १८,००० पटींचा फरक.

समाजमाध्यमांवर ‘आपल्या पूर्वजांनी सेकंदाचा अमुक कोटीवा भाग मोजला होता’ असे संदेश फिरतात ते अशाच कोष्टकांवरून. भागाकार करणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्ष मोजणारं साधन होतं घटिकापात्र: बुडाला भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची आणि ती २४ मिनिटांनी बुडाली की एक घटका भरली. तिचे साठ भाग म्हणजे २४ सेकंदांची पळं. त्याखालचं बरंचसं कागदावरचं होतं.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो खरोखर अभिमान वाटावा असा आहे. ज्योतिषग्रंथांत पळाचे सहा ‘प्राण’ केलेले आहेत. प्राण म्हणजे निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास. हा चार सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला पंधरा श्वास, आणि स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे श्वास आजही १२ ते २० च्या दरम्यानच मोजले जातात. दुसरी व्याख्या अशी की दहा गुरू अक्षरं म्हणायला लागणारा वेळ म्हणजे प्राण. घड्याळ नसताना पाठांतराची सवय असलेल्या माणसाला हा काळ तोंडानेच मोजता येत होता. पण खरं मर्म पुढे आहे. दिवसाचे प्राण होतात २१,६००. वर्तुळाचे अंश ३६० आणि प्रत्येक अंशाच्या ६० कला (ही कोनाची कला, वरची वेळेची नव्हे), म्हणजे वर्तुळाच्या कलाही २१,६००. आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या सुमारास हे एका छोट्या चरणात बांधलं: एका प्राणात नक्षत्रमंडळ एक कला फिरतं. इथला दिवस ताऱ्यांच्या फेरीचा, २३ तास ५६ मिनिटांचा, त्यामुळे प्राण चार सेकंदांहून किंचित कमी. आकाशाचा कोन मोजणाऱ्याला वेळ काढायला वेगळा गुणाकारच लागत नाही. जितक्या कला, तितके प्राण. लॉस अलामोसमध्ये एक पिढी म्हणजे एक शेक झाली, तसंच नेमकं बसणारं माप इथे दीड हजार वर्षांपूर्वी श्वासाला बांधलं गेलं होतं.

अगदी अलीकडचा एक शब्द

फेसबुकच्या ऑक्युलस विभागातल्या क्रिस्टोफर हॉर्व्हाथ यांनी २०१८ च्या जानेवारीत ‘फ्लिक’ जाहीर केला. टिचकी मारावी तसा हा शब्द, पण अर्थ अत्यंत काटेकोर: सेकंदाचा ७०,५६,००,००० वा भाग.

एवढा विचित्र आकडा घ्यायचं कारण चित्रपटात आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो. एका चित्राचा वेळ नॅनोसेकंदात लिहिला तर ४,१६,६६,६६६.६६… असा न संपणारा आकडा येतो. संगणक तो कुठेतरी तोडतो. प्रत्येक चित्रामागे उरलेला कण साठत जातो आणि लांब दृश्यात चित्र आणि आवाज एकमेकांपासून सरकू लागतात. फ्लिकमध्ये तेच चित्र बरोबर २,९४,००,००० फ्लिकांचं होतं, मागे काही उरत नाही. २५, ३०, ६०, ९०, १२० चित्रांनाही हा आकडा निःशेष भागतो. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले तर एका नमुन्याला १६,००० फ्लिक, ४८,००० घेतले तर १४,७००.

अमेरिकी दूरचित्रवाणीचा जुना वेग तर आणखी आडमुठा आहे. सेकंदाला ३० नव्हे, ३०,००० भागिले १,००१ चित्रं. रंगीत प्रक्षेपण आलं तेव्हाच्या तडजोडीतून आलेला हा अपूर्णांक संकलकांना आजही छळतो. फ्लिकमध्ये त्या एका चित्राची लांबी येते २,३५,४३,५२०. बाकी शून्य.